बांगडा कशावर भाजायचा?

आमच्या मागीलदारी ताडपत्रीखाली एक गॅसचा बार्बेक्यू चार महिने उभा होता. ठाण्याच्या दिरांनी हौसेनं घेतलेला. त्यांच्या बाल्कनीत मावेना म्हणून मे महिन्यात गाडीत घालून इकडे आणलेला. दिसायला झोकदार. तीन बर्नर, झाकणावर तापमानाचा काटा, बाजूला ताटं ठेवायला पत्र्याची फळी. दसऱ्याला ताडपत्री काढली आणि एक पाय हातातच आला. झाकणाचे स्क्रू गंजून फुगलेले, तळाच्या पत्र्यातून तांदूळ चाळता येतील अशी भोकं. बर्नरच्या नळीत तर कुंभारणीनं मातीचं घर बांधून आत कोळी कोंबून ठेवले होते. त्या यंत्रावर एकूण तीन वेळा स्वयंपाक झाला होता.

तेव्हापासून कोणी विचारलं, की गॅसचा घेऊ, कोळशाचा घेऊ की दोन्हीवर चालणारा, तर मी आधी उलट विचारते, “पावसाळ्यात तो राहणार कुठे?” विचारणाऱ्याला वाटतं मी टाळते आहे. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून खारा वारा येत राहतो. मांडवी-मिऱ्याच्या घरात खिडकीची बिजागरी दोन-तीन वर्षांत धरते, तिथे पत्र्याच्या बार्बेक्यूनं किती दिवस काढावेत? चव, सोय, किंमत हे सगळं खरं. पण ते नंतर.

शब्दांचा घोळही आधी मिटवू. इथे दुकानात जाऊन ‘ग्रिल’ मागितलंत तर दहातले आठ जण तुम्हाला खिडकीचं डिझाइन दाखवतील. म्हणून मी ‘शेगडी’च म्हणणार आहे: वर जाळी, खाली आच. आच कोळशाची की गॅसची, एवढाच प्रश्न आहे.

आता बांगडा समोर ठेवून विचार करू. बांगडा तेलकट मासा. जाळीवर ठेवला की कातडीतून तेल सुटतं, खालच्या आचेवर टपकतं, त्याचा चर्रकन धूर होतो आणि तोच धूर माशाला लागतो. ज्याला आपण कोळशाची चव म्हणतो, ती बरीचशी या टपकलेल्या तेलाची असते. पुरता फुललेला, राखेची पांढरी साय धरलेला निखारा स्वतः फारसा धूर देत नाही. गॅसच्या शेगडीत बर्नरवर पत्र्याच्या तिरक्या पट्ट्या असतात; तेल त्यांच्यावर पडून जळतं, त्यामुळे तिथेही चव थोडीफार येते. ‘गॅसवर भाजलेल्याला चवच नाही’ हे बोलणं मला अर्धवट वाटतं.

खरा फरक कातडीत पडतो. एक किलो गॅस जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ती माशाभोवती घोटाळते. कोळशातून वाफ जवळजवळ निघतच नाही. नुसती कोरडी, करकरीत धग. म्हणून निखाऱ्यावर बांगड्याची कातडी पापडासारखी होते आणि गॅसवर जरा मऊ राहते. सुका बांगडा भाजून पेजेबरोबर खायचा असेल तर हा फरक डोळे मिटूनही कळतो. कोंबडीच्या तंगड्या, पनीर, नीरफणसाचे काप, मक्याची कणसं यांत तो एवढा जाणवत नाही. तुमच्याकडे आठवड्याला काय भाजलं जाणार आहे, यावर निम्मा निर्णय तिथेच होतो.

कोळशाचं सांगायचं तर कोळसा चांगला हवा आणि पेटवणाऱ्याला धीर हवा. वखारीतून घेताना तुकडा तुकड्यावर आपटून पाहा. काचेसारखा ‘टण’ वाजला तर कोरडा आणि पक्का जळलेला. बद्द वाजला तर ओला किंवा अर्धा लाकूडच. इस्त्रीवाला कुठून कोळसा आणतो ते विचारा; इस्त्रीत तडतडणारा कोळसा चालत नसल्यानं तो पारखून घेतो. पावसाळ्यात कोळसा हवेतलं पाणी पितो, तेव्हा पोतं पडवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चार-पाच माणसांच्या जेवणाला दीड किलोच्या आसपास पुरतो.

आपल्याकडे फुकटचं जळण भरपूर, पण प्रत्येक वस्तूचा गुण वेगळा. करवंटी पहिली दहा मिनिटं काळा धूर ओकते, मग तिचा निखारा असा घट्ट आणि तापट होतो की लाकडी कोळसा मागे पडावा. मी दोन मुठी करवंटीचे तुकडे तळाशी घालते, वर कोळसा. सोडणं मात्र बंबाखालीच बरी. त्यांचा धूर माशाला लागला तर मासा न्हाणीघरासारखा लागतो. काजूची टरफलं चुकूनही नकोत. त्यातलं तेल कातडी सोलून काढतं हे काजू भाजणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याचा धूरही डोळ्यांना आणि घशाला तसाच. काजूच्या बिया भाजायच्या तर वेगळ्या पत्र्यावर, वेगळ्या जागी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून. प्लायवूड, रंगवलेली फळी आणि मोडीत निघालेल्या होडीचं लाकूड हीसुद्धा वर्ज्य. होडीला तळाशी जो रंग लावतात तो किडे-शिंपले मारायचा असतो, जेवणाखाली जाळायचा नसतो.

पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल कोणी वापरत असेल तर त्याला जाळीपाशी उभं करू नका. पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा घ्या, वरचा-खालचा पत्रा कापून काढा, तळाशी बोटभर उंचीवर चारी बाजूंनी भोकं पाडा आणि आत आडव्या दोन सळया घाला. सळयांवर कोळसा, खाली कागद नाहीतर वाळकं चुडत. डबाच धुराड्याचं काम करतो. ना फुंकणी, ना सुपाचा वारा. वीस-पंचवीस मिनिटांत वरचा कोळसा पांढरा दिसू लागला की सांडशीनं धरून शेगडीत ओता. सगळीकडे पसरू नका. दोन तृतीयांश भागात निखारे, एक तृतीयांश मोकळा. तेल पेटून जाळ उठला की मासा मोकळ्या बाजूला सरकवायचा. पाणी मारायचं नाही, राख उडून मसाल्यावर बसते.

आच किती, हे तळहातानं कळतं. जाळीवर चार बोटं अंतरावर हात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर बांगडा, कोळंबी, पापलेट यांची आच. पाच-सहा सेकंद धरवला तर कोंबडीची. कोंबडीच्या बाबतीत मी कडक आहे: बाहेरून काळी आणि हाडाशी गुलाबी तंगडी मुलांच्या ताटात जाता कामा नये. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. टोचून पाहायचा छोटा थर्मामीटर मिळतो. झाकणावरच्या दिखाऊ काट्यापेक्षा तो जास्त उपयोगाचा.

मासा जाळीला चिकटतो ही सगळ्यांची तक्रार. धुऊन ओला मासा तसाच टाकला की चिकटणारच. आगळ, हळद, मीठ, लसूण, तिखट लावून अर्धा तास ठेवा, मग सुटलेलं पाणी निथळून टाका आणि कातडी फडक्यानं टिपा. जाळी आधी सणसणीत तापवा, कांद्याच्या फोडीनं तेल फिरवा आणि मासा एकदाच उलटा. चार मिनिटं हात बांधून उभं राहणं बहुतेकांना जमत नाही, चिकटतो तो त्यामुळे. अगदीच भीती वाटत असेल तर हळदीच्या नाहीतर केळीच्या पानात गुंडाळा, पण मग कातडी कुरकुरीत मिळणार नाही. तो पदार्थच वेगळा.

कोळशाच्या दोन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. पहिली, तो घरात नाही. पडवी तिन्ही बाजूंनी बंद असेल तर ती घरच. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस आला म्हणून फुललेली शेगडी आत ओढणं हा जिवाशी खेळ आहे; मासे आत न्या, शेगडी भिजू दे. दुसरी, वाऱ्याच्या दिवसांत उघडा निखारा नाही. जानेवारी ते मे सड्यावरचं गवत कोळपलेलं असतं, दुपारनंतर वारा सुटतो, आणि वणव्यात आंब्या-काजूच्या बागा जातात त्या अशाच एखाद्या ठिणगीनं. घर सड्याला लागून असेल तर त्या महिन्यांत झाकणाची शेगडी वापरा, पाण्यानं भरलेली बादली शेजारी ठेवा आणि राख दुसऱ्या दिवसापर्यंत पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवल्याशिवाय माडाच्या आळ्यात टाकू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेत मध्यभागी विस्तव असतो.

गॅसची बाजू सोपी आहे आणि ती मी मोकळ्या मनानं मान्य करते. नोकरी करून सहाला घरी आलेल्या बाईला वीस मिनिटं कोळसा फुलण्याची वाट पाहायला सांगणं सोपं, वाट पाहणं कठीण. गॅस दहा मिनिटांत तयार, आच कमी-जास्त करता येते, राख काढायची नाही. म्हणून ज्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा भाजणं होणार, तिथे गॅसच टिकतो. कोळशाची शेगडी अशा घरात गणपती आणि शिमग्यापुरती उरते.

घेताना आकड्यांनी दबून जाऊ नका. खोक्यावर ‘बीटीयू’ मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. दहा हजार बीटीयू म्हणजे जेमतेम तीन किलोवॉट. असे दोन बर्नर पूर्ण आचेवर चालले तर तासाला अर्धा किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर तीसेक तास. पाच माणसांना दोन बर्नर पुष्कळ झाले. जाळी निदान ४५ बाय ३० सेंटिमीटर हवी, तिच्यावर मध्यम आकाराचे सहा बांगडे एका वेळी बसतात.

आखातातून सामानात आलेल्या शेगड्यांबद्दल मात्र सावध राहा. आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाबानं गॅस सोडतो. बाहेरच्या काही शेगड्या ३७ किंवा ५० मिलिबारसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरवर बसतच नाही. मग कोणीतरी ‘जुगाड करून देतो, जेटचं भोक जरा मोठं करतो’ म्हणतं. करू देऊ नका. नळी आयएसआय मार्कची, आत तारेची वीण असलेली नारिंगी घ्या आणि ती पाच वर्षांनी बदला. जोडलं की साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहा. पेटवताना झाकण उघडं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून इमारतीखालच्या पार्किंगमध्ये किंवा उतारावरच्या तळघरात ही शेगडी नको. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, तो सिलिंडरशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि गणपतीपुळ्याच्या वाटेवर घरगुती निवास चालवणाऱ्यांनी पाहुण्यांची शेगडी घरच्या सिलिंडरवर चालवू नये. धंद्याला १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागतं, घरगुती वापरणं बेकायदा आहे.

गॅसची शेगडी इथे मरते ती गंजानं. ‘स्टेनलेस स्टील’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, ग्रेड विचारा. ३०४ असेल तर बरं. समुद्रालगत ३१६ उत्तम, पण शेगडीत ते क्वचित. २०२ ग्रेड दिसायला हुबेहूब तसंच असतं आणि दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके धरतं. चुंबक लावून पाहायची युक्ती अर्धीच कामाची: चुंबक घट्ट चिकटला तर माल बहुधा हलका, पण न चिकटला तरी तो २०२ असू शकतो. स्क्रू आणि बर्नर आधी जातात, म्हणून सुटे बर्नर मिळतात का हे दुकानात उभं राहूनच विचारा. दिवाळीत पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या काढून तारेच्या ब्रशनं साफ करा. कुंभारणीचं घर आत राहिलं तर गॅस उलटा फिरून नळीच्या तोंडाशी पेटतो.

आता दोन्हीवर चालणाऱ्या शेगडीकडे येऊ. दुकानदार हीच पुढे करतो. यात दोन जाती आहेत. एकीत एकाच पेटीत गॅसचा बर्नर कोळसा पेटवतो आणि मग त्याच जागेत दोन्ही प्रकारे भाजायचं. ही घेऊ नका, असं मी सरळ सांगते. राख बर्नरच्या भोकांत बसते. राखेत क्षार असतात, ते हवेतला ओलावा खेचून घेतात, आणि आपल्या हवेत ओली राख पत्रा कशी खाते ते चुलीजवळच्या पत्र्याच्या डब्याला विचारा. दुसऱ्या जातीत दोन पेट्या शेजारी शेजारी असतात, डावीकडे गॅस, उजवीकडे कोळसा. ही रचना चांगली, आणि तिचा एक फायदा जाहिरातीत कोणी लिहीत नाही: जाळ्या दोन असतात. मासे खाणाऱ्या घरातही संकष्टी असते, श्रावण असतो, मार्गशीर्षातले गुरुवार असतात. सासूबाई एका जाळीवरचं खात नाहीत. पनीर आणि वांगी डावीकडे, सुरमई उजवीकडे, जेवताना भांडण नाही. पण हे धूड हलवायला दोन माणसं लागतात आणि पावसाळ्यात त्याला छपराखाली पलंगाएवढी जागा लागते. पंधरा-वीस चाकरमानी मे महिन्यात उतरणारं घर असेल तर घ्या. चौघांच्या घराला हा पांढरा हत्ती.

त्यापेक्षा एक जोडणी माझ्या मते सरस आहे आणि ती निम्मी तुमच्या घरात आधीच आहे. गॅस ओट्यावर आहे. त्यावर बिडाचा खोलगट, रेघांचा तवा तापवला की रोजची कोळंबी, कोंबडीचे तुकडे, वांग्याचे काप उत्तम भाजले जातात. आणि बाहेर, मागीलदारी, जांभ्याचे चिरे. दोन बाजूंना दोन-दोन चिरे एकावर एक, मागे एक, पुढचं तोंड उघडं. तळाशी माती नाहीतर विटा, वर जाळी. निखारे आणि जाळी यांत वितीपेक्षा कमी, चार-पाच इंच अंतर. सिमेंटची गरज नाही, नुसते रचा. जागा बदलता येते. पावसात चिरा पाणी पितो, म्हणून दिवाळीत पहिला विस्तव लहान करा, घाईनं तापवला तर तडकतो.

जाळी मिरजोळे एमआयडीसीतल्या किंवा जवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ३०४ च्या सळ्यांची करून घ्या. सळ्यांत बोटभर अंतर, नाहीतर कोळंबी खाली जाते. कुंपणाची जस्ताची जाळी आणि जुन्या फ्रिजचा रॅक वापरू नका. तापल्यावर मुलाम्याची वाफ अन्नात येते. दोन जाळ्या करून घ्या, का ते वर सांगितलंच. जून आला की जाळ्या घासायच्या, तेलाचा हात फिरवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. पावसाला उरतात फक्त चिरे, आणि चिऱ्याला पाऊस नवा नाही.

नाचण्याच्या किंवा मारुती मंदिराजवळच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना चिरे रचता येणार नाहीत. तिथे बाल्कनीत कोळसा हा शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांशी वैर आहे. सोसायटीची गच्ची मिळत असेल तर दोन बर्नरची, पाय दुमडणारी छोटी गॅसची शेगडी घ्या, जी काम झाल्यावर लिफ्टमधून घरात येईल. गच्चीही मिळत नसेल तर बिडाचा तवा, आणि बांगडा खायला गावी जा. विजेची शेगडी मी सुचवत नाही. आषाढात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि भाजायची हुक्की नेमकी तेव्हाच येते.

एक शेवटचं, वेळेचं. उन्हाळ्याच्या सेलमध्ये शेगडी घेऊ नका. मे अखेरीस घेतलेली शेगडी एक-दोनदा पेटते, मग पाऊस येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याला ताजं काही नसतं, आणि नवी कोरी शेगडी ताडपत्रीखाली गंजत राहते. दिवाळीनंतर घ्या. बांगडा असतो, हवा कोरडी असते, आणि पुढचा पाऊस सात महिने लांब असतो.